पूल आला की सांगायचं

६ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे. कोबी वाहायच्या पिकअपमध्ये दोन दिवस बसून कंबरेचा भुगा झाला आहे, पण मन मात्र वऱ्हाडात निघाल्यासारखं हलकं आहे. मेलेल्या मुलीला आणायला आलेल्या बापानं असं लिहू नये, कळतं मला. पण आमच्या डोंगरात म्हणतात, रडत आणायला गेलं की येणाऱ्याचा पाय अडतो. म्हणून निघतानाच ठरवलं होतं, लेकीला माहेरी आणायला चाललो आहे असंच वागायचं. नवा शर्ट घातला, केसांना तेल लावलं. देचा, माझा जावई, म्हणाला, बाबा, यात नवरदेव कोण ते लोकांना कळणार नाही.

खोली समुद्राला लागून आहे. अंगणात दोरीवर म्हाकुळं, म्हणजे बिनकाट्याची मासळी, वाळत घातली आहेत, अगदी बाळाच्या झबल्यांसारखी. उभा जन्म पोरांना समुद्रावरच्या कविता शिकवल्या, आणि समुद्र नीट पाहतो आहे तो आज, निवृत्तीनंतर, या कामासाठी. कवितेतला जास्त निळा होता. हा राखाडी आहे, पण याला वास आहे.

फुंग गेली ती इथून थोड्या अंतरावर, रबराच्या बागांमधल्या वळणावर. गेल्या पावसाळ्यात, हॉटेलातली नोकरी संपवून व्हॅननं घरी यायला निघाली होती. शाळेतलं नाव वारुणी, पण घरीदारी सगळ्यांची फुंग, म्हणजे मधमाशी. देह घरी आणला, अग्नी दिला, भिक्खूंना जेवण घातलं. राहिलं ते एकच, जिथं जीव गेला तिथून तिला बोलावून आणणं. पावसात रस्ता खचला होता, मग माझ्या बायकोनं, बुआकेवनं, अंथरूण धरलं, मग देचाच्या गाडीचं काम निघालं. तेवढ्यात फुंग तिच्या आईच्या स्वप्नात यायला लागली. वळणावर उभी, केस ओले, आणि विचारते, मला न्यायला अजून कुणी कसं नाही आलं.

तेव्हापासून बुआकेव दोन घासांवर आहे. निघताना तिनं माझी कॉलर सरळ केली आणि म्हणाली, तिला घेऊन या, मग बसू तिघं जेवायला.

उद्या सकाळी भिक्खू येणार आहेत. झोप येईलसं वाटत नाही. पण ही जाग चांगली आहे, सहलीच्या आदल्या दिवसासारखी.

७ फेब्रुवारी

वळण पाहिलं. रस्त्याच्या कडेला खांबावरचं छोटं देऊळ, आणि त्याच्याभोवती झेब्रे. सिमेंटचे, प्लास्टिकचे, गुडघ्याएवढे, घोड्याएवढे. झेब्रा वाहिला की रस्ता सुखरूप पार होतो म्हणून जाणारा-येणारा एकेक ठेवून जातो. इतके झालेत की कळप पाणी प्यायला उतरल्यासारखा उताराला लागला आहे. मालमोटारी जाताना हॉर्न देतात, म्हणजे तिथल्यांना नमस्कार. फुंगला हे फार आवडलं असतं. लहानपणी तिच्याबरोबर प्रवास म्हणजे शिक्षा असायची. रस्त्याकाठी भला मोठा सिमेंटचा खेकडा दिसू दे, नाहीतर कोंबडा, उतरल्याशिवाय पुढे जायची नाही.

तिथं हार आणि झेब्रे विकणारी सैयुदमावशी आहे. जाडजूड, तोंडात सतत सुपारी, आणि बोलणं असं की फौजदारानं टोपी काढावी. बोलावण्याची रीत तिला पाठ. मला बजावलं, गुरुजी, पूर्ण नाव घ्यायचं, बापाचं नाव घ्यायचं, गावाचं नाव घ्यायचं. इथं काही एकटी तुमचीच मुलगी नाही. आणि मग वाटेत पूल आला की सांगायचं, चौक आला की सांगायचं. पाणी गेलेल्या माणसांना आपणहून ओलांडता येत नाही. नाही सांगितलंत तर ती तिथंच राहतील.

भिक्खूंचे मंत्र म्हणून झाले. उदबत्ती पेटवली. मी पूर्ण नाव घेतलं, माझं घेतलं, गावाचं घेतलं. मावशीनं दोन नाणी उडवली. एक छाप एक काटा पडला तर आली, दोन्ही सारखी पडली तर नाही. दोन्ही सारखी पडली. पुन्हा उडवली, पुन्हा तेच. देचा तोंड फिरवून झेब्र्यांकडे पाहत उभा राहिला.

तेव्हा मला आठवलं. फुंग खेळातून कधी नावानं उठायची नाही. शाळा सुटताना जे म्हणायचो त्यानंच उठायची. आमच्या वेळी खेडोपाडीच्या प्रत्येक शाळेत शेवटच्या घंटेला ते म्हटलं जाई. मी डोळे मिटले आणि वर्गात म्हणायचो त्याच चालीत म्हटलं:

ऊन कललं, घंटा झाली,
बदकं निघाली घरा;
मागे कुणीही राहू नका रे,
एकमेकांचा हात धरा.

आणि सवयीनं शेवटी म्हणालो, चला.

नाणी उडवली. एक छाप, एक काटा.

देचा वळला आणि नाण्यांना हात जोडून उभा राहिला. मावशीचा सुपारी चघळणारा जबडा थांबला होता. मला वाटलं, तिलाही भरून आलं.

उदबत्तीची कुंडी मांडीवर घेऊन मी गाडीत बसलो. पहिला पूल आला. म्हणालो, फुंग, पूल आला गं, ओलांडतोय आपण. किती दिवसांनी तिच्याशी बोललो.

८ फेब्रुवारी

आजचा दिवस लिहून ठेवायला हवा. असा दिवस पुन्हा मिळणार नाही.

सकाळी अननसाच्या मळ्यांमधून जात होतो. रस्त्याकाठी दोन मजली अननस बांधलेला आहे, आत जिना, वरून दुर्बीण. नेमकी त्याच्यासमोर गाडी बंद पडली. देचानं बॉनेट उघडलं, काही बिघाड नाही. आम्ही उतरलो, वर चढून समुद्र पाहिला, खाली आलो, तर गाडी पहिल्या चावीला सुरू. पुढे जुन्या विमानाच्या सांगाड्यात कुणी कॉफीचं दुकान थाटलंय. तिथंही तसंच. त्यापुढे नारळ उतरवणाऱ्या माकडांचा खेळ. तिथंही. देचा हसला, त्या पावसाळ्यानंतर पहिल्यांदा. म्हणाला, "बाबा, ही जिवंतपणी गाडी थांबवायला निदान विचारायची तरी."

विमानात तिच्या नावानं लाल सरबत मागवलं. दुकानातली पोरगी बाटली घेऊन आली आणि सोबत मूठभर नळ्या ठेवून गेली. मी म्हटलं, एक पुरे. ती गोंधळली, गाडीच्या मागच्या हौद्याकडे पाहत म्हणाली, शाळेची सहल आहे ना आजोबा? मग स्वतःच चपापली आणि आत गेली.

गाडी मागून दबल्यासारखी चालते आहे. देचा म्हणतो, कोबी भरल्यावर चालते तशी. स्प्रिंगा जुन्या झाल्यात.

बुआकेवचा फोन आला होता. विचारत होती, आहे ना बरोबर? म्हटलं, आहे, आणि अजून तशीच द्वाड आहे. मग म्हणाली, मी आज पोटभर जेवले.

संध्याकाळी हौदा झाडायला गेलो. धुळीत हातांचे ठसे होते. मला वाटतं माकडांचे असावेत.

९ फेब्रुवारी, दुपार

हे नीट लिहितो, म्हणजे नीट विचार करता येईल.

वाटेत एका मठाच्या आवारात नरकाची बाग आहे. रस्त्यावरून दिसते. रंगवलेले सिमेंटचे पापी, कुणाला कढईत तळताहेत, कुणाची जीभ ओढताहेत, कुणाला काटेरी झाडावर चढवताहेत. पोरांना भीती बसावी म्हणून लोक मुद्दाम दाखवायला नेतात. गाडी तिथं बंद पडली.

मी कुंडी घेऊन उतरलो आणि मग जाणवलं. फुंग असल्या जागी कधी यायची नाही. लहानपणी एकदा नेली होती, तर आठवडाभर माझ्या पाठीला चिकटून झोपली होती. ती इथं गाडी थांबवणार नाही.

आणि मग ऐकू आलं. भर उन्हात, बागेत चिटपाखरू नव्हतं. कढईमागून हसू आलं. त्याला उत्तर म्हणून झाडामागून दुसरं. मग पळणारे पाय, अनवाणी, खूप. वर्गभर. असला आवाज मी झोपेतही ओळखीन, सगळं आयुष्य त्यात गेलं आहे. एका भुताच्या पुतळ्याच्या बाहेर काढलेल्या जिभेवर ओल्या हाताचा छाप उमटताना मी पाहिला. माझ्या तळहाताच्या निम्मा.

देचाही ऐकत होता. त्यानं खिशातून नाणी काढली. मी विचारलं, तू फुंग आहेस का? दोन्ही काटे. पुन्हा विचारलं. दोन्ही काटे.

हाराच्या पिशवीवर सैयुदमावशीचा नंबर होता. देचानं लावला. ती आधी नुसती ऐकत राहिली. मग मला फोन द्यायला सांगितलं आणि जे बोलली ते असं:

फार जुनी गोष्ट, रस्ता अरुंद होता तेव्हाची. ईशान्येकडच्या कोरड्या गावातल्या शाळेची बस समुद्र दाखवायला निघाली होती. त्या वळणावर दरीत गेली. मावशीची आई तेव्हा तिथं बसायची. आईबाप आले, भिक्खू आणले, एकेकाचं नाव घेऊन रडले, नाणी हवी तशी पडेचनात. वाचला तो फक्त चालक. तो सांगायचा, बस घसरायला लागली तेव्हा पोरं उठून ओरडायला लागली, तर त्यांचे मास्तर म्हणाले, मी सांगेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. पोरं गुणी होती, बसून राहिली. मास्तरांचे घरचे मास्तरांना घेऊन गेले. पोरांना सांगणारं कुणी राहिलं नाही.

"आणि इतक्या वर्षांनी तुम्ही जाऊन म्हणालात, चला." मावशी म्हणाली.

मी विचारलं, मग माझी मुलगी?

ती म्हणाली, ते मी कसं सांगू. दोनदा नाणी नाही म्हणाली होती, ते मीही पाहिलं. तिसऱ्यांदा होय म्हणाली ती पोरं असणार. ती असती, तर आता विचारलंत तेव्हा हो नसती म्हणाली?

गाडी सुरू झाली आहे. आपोआप. हौदा हळूहळू खाली दबतो आहे.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ

देचा आज माझ्याशी भांडला. लग्नापासून कधी आवाज चढवला नव्हता पोरानं. म्हणाला, ती तिथं वळणावर उभी आहे, बाबा, तिनं आपल्याला बघितलंय. आपण आलो, हार वाहिला, दुसऱ्यांची पोरं गाडीत घातली आणि निघून आलो. तिला काय वाटलं असेल?

मी म्हटलं, माघारी फिरू. फिरत नव्हती गाडी. चाक उलटं वळलं की इंजिन बंद. उत्तरेकडे वळवलं की सुरू. त्यांना पुढे जायचं होतं. त्यांची सहल चालू होती.

मग त्याला सुचलं ते त्यानं सांगितलं. पुढे मोठी नदी आहे, तिच्यावर जुना लोखंडी पूल. त्या पुलावर मी काही बोलायचं नाही. न सांगता ओलांडायचं. ती तिथं उतरतील, गाडी मोकळी होईल, आपण नव्या पुलानं उलटे फिरू आणि फुंगला घेऊन येऊ.

मी म्हटलं, ती कोरड्या गावची पोरं आहेत. त्यांना पोहता येत नसेल.

"बाबा, ती मेलेली आहेत," देचा म्हणाला, आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकून हुंदके देऊ लागला. "एकदाच. एका पुलावर फक्त गप्प बसा."

तेवढ्यात बुआकेवचा फोन. तिनं फुंगच्या आवडीची कोवळ्या बांबूची भाजी केली होती. विचारत होती, उद्या पोचाल ना?

आणि पुलावर मी गप्प बसलो.

पूल लांब आहे. खालच्या फळ्या चाकांखाली एकेक करून वाजल्या. मागे सगळं चिडीचूप झालं होतं. मास्तर काही सांगणार म्हणून वर्ग शांत होतो, तसं. मी कुंडीकडे पाहत राहिलो. तोंड उघडलं नाही. मध्यावर आलो आणि हौदा एकदम वर उसळला, ओझं उतरल्यासारखा. उदबत्ती विझली.

कुणी ओरडलं नाही. निदान ओरडायचं तरी.

१० फेब्रुवारी

रात्रभर गाडी हाकली. अननस, विमान, सगळं उलट्या बाजूनं येऊन गेलं. गाडी कुठंच थांबली नाही. सकाळी वळणावर.

नवी उदबत्ती लावली. फुंगचं पूर्ण नाव घेतलं. नाही. पुन्हा. नाही. तिचा एक जुना सदरा आणला होता, तो पसरला. नाही. मग मावशीनंच विचारलं, फुंग इथं आहे का? नाही.

मावशीनं सुपारी थुंकली. म्हणाली, चुकलं गुरुजी, काल तुम्ही विचारलंत चुकीचं. तू फुंग आहेस का, असं विचारलंत. हौदाभर पोरं. ज्यानं उत्तर दिलं, त्यानं खरं ते दिलं. आणि मग तिनं नाणी हातात घोळवून हळूच विचारलं, मुलांबरोबर गेली का?

एक छाप. एक काटा.

"शेवटच्या पोराचा हात धरून गेली ती." मावशी म्हणाली.

अर्थात. अर्थात गेली. शाळा सुटल्यावर ती दारात उभी राहायची, एखाद्याची चप्पल सापडत नसेल तर ती सापडेपर्यंत. मीच सांगितलं होतं ना, मागे कुणीही राहू नका. तिनं कुणाला मागे राहू दिलं नाही. लहानग्यांना पुढे घालून सगळ्यांत शेवटी चढली असणार. दोन दिवस माझ्या पाठीमागे बसली होती. मी पुलापुलावर तिच्याशी बोलत होतो, ती ऐकत होती.

आणि त्या पुलावर वाट पाहत होती, की बाबा आता सांगतील.

देचा गाडीत जाऊन बसला आहे. निघतो आहोत. मावशीनं माझं मनगट धरून सांगितलं, पुलावर सोडलेलं पुन्हा शब्दावर विसंबत नाही, गुरुजी. हात मागतं. देऊ नका.

बुआकेवला काय सांगू. म्हटलं, एक दिवस उशीर होईल. तिनं विचारलं, बरोबर आहे ना? मी हो म्हणालो.

११ फेब्रुवारी, सकाळ

पूल. धुकं. पलीकडचा काठ दिसत नाही. गाडी टोकाशी लावली, मध्यापर्यंत चालत आलो. देचा कठड्याशी उभा आहे.

उदबत्ती पेटत नाही. काडीमागून काडी. ओल आहे—

नाव घेतलं. पाणी तसंच. पुन्हा घेतलं.

म्हणालो, पूल आला गं. ओलांडतोय आपण. काही नाही. दोन दिवस उशिरा सांगतो आहे. कोण ऐकेल.

शाळेचं म्हटलं. पहिल्या ओळीलाच आवाज फुटला माझा, पुढे—

पुढची ओळ खालून आली. सगळ्यांनी मिळून. पाण्याच्या अगदी लगत. संथ, पाठ म्हणतात तशी.

मी म्हटलं, चला, सगळ्यांनी चला, माझ्या घरी चला, आमच्याकडे जागा आहे, भात आहे, बुआकेव वाट पाहते आहे. मी घेऊन जातो सगळ्यांना. शप्पथ.

कुणी हललं नाही. गप्प बसणाऱ्या मास्तरावर कोण—

देचाला फुंग ऐकू आली. म्हणतो नाव घेऊन हाक मारली. कठडा ओलांडून खांबाच्या शिड्यांनी उतरला, मी नको म्हणेपर्यंत. खाली धुकं आहे. त्याला हाक मारली. बाबा, सापडली, असं म्हणाला. हसत म्हणाला. मग पाणी वाजलं, मोठं नाही, भांडं बुडवल्याएवढं—

आता तो बोलत नाही.

फोन वाजतो आहे खिशात. बुआकेव असेल. वाजू दे. नाही. ती एकटी आहे घरी. कुणीतरी तिला—

मावशीनं सांगितलं होतं. मला ठाऊक आहे. मी विसरलो नाही.

कठड्याच्या गजांमधून हात आला. ओला. बांगडी आहे, ती आईची दिलेली. बोटांना शाई लागायची तिथं तसाच घट्टा. माझाच हात असल्यासारखा.

धरला. कसा नाही धरणार.

म्हणून अक्षर असं येतं आहे. डावा हात मोकळा नाही, वही गुडघ्यावर हलते. ओढत नाही ती. फक्त धरून आहे. फार गार आहे. पण तिचाच आहे. तिच्या दुसऱ्या हातात देचाचा हात आहे, मला दिसतं आहे, आणि देचाच्या हातात एक लहान, आणि त्याच्या हातात आणखी लहान, खाली, खाली, शेवटच्याचा हात मोकळा आहे, तो वर बघून मला